मधे स्पीकर नाही, मग आवाज मधून कसा?

प्रश्न : मुलाने घरी दोन मोठे स्पीकर आणले आहेत. त्यांच्या बरोबर मधोमध बसलं की गायिका थेट टीव्हीच्या कपाटातून गातेय असं वाटतं. तिथे तर काहीच नाही! सोफ्याच्या कडेला सरकलं की तीच गायिका जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसते. असं का होतं? दुकानदार म्हणतो तशी महागडी वायर घेतली तर फरक पडेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आवाज कुठून आला, हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. उजवीकडून कुणी हाक मारली तर ती उजव्या कानात आधी पोचते आणि डाव्या कानात फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा. शिवाय मधे डोकं आड येत असल्याने उंच पट्टीचे आवाज डाव्या कानाला क्षीण ऐकू येतात. खालच्या स्वरांची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून कळते आणि वरच्या स्वरांची तीव्रतेच्या फरकावरून, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडलं.

आता दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत सारखा आवाज निघाला आणि दोन्ही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असले, तर दोन्ही कानांत एकच गोष्ट पोचते. फरकच नाही, म्हणजे आवाज नाकासमोरून आला, असा हिशेब मेंदू करतो. तुमची गायिका कपाटात उभी राहते ती अशी. एका बाजूचा आवाज जरा वाढवला की ती तिकडे सरकते. तबला एका अंगाला आणि पेटी दुसऱ्या अंगाला बसवताना ध्वनिमुद्रक याचाच उपयोग करतात. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतले अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पडद्यावरचा नट एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे सिनेमागृहात त्यांना खटकलं होतं, असं सांगतात. हा माणूस १९४२ साली रडारच्या चाचणीदरम्यान विमान अपघातात गेला. घरोघरी स्टिरिओ रेकॉर्डी पोचलेल्या त्याला पाहायला मिळाल्या नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

आता सोफ्याची कड. समजा, स्पीकर एकमेकांपासून दोन मीटरवर आहेत आणि तुम्हीही प्रत्येकापासून दोन मीटरवर बसला आहात. तिथून फूटभर उजवीकडे सरकलात की उजव्या स्पीकरचा आवाज डाव्यापेक्षा जवळजवळ एक मिलिसेकंद आधी पोचतो. एवढं पुरतं. जो आवाज आधी येतो, त्याचीच दिशा मेंदू खरी मानतो. भिंतींवरून उलटून येणाऱ्या आवाजांच्या गर्दीतही बोलणारा माणूस कुठे आहे हे आपल्याला कळतं, ते याच सवयीमुळे. त्यामुळे सगळ्या सोफ्यावर सारखंच चित्र उभं राहील, ही अपेक्षा दोन स्पीकरकडून ठेवू नका. ते सुख एकाच जागेवर मिळतं, आणि ती जागा घरातल्यांनी आळीपाळीने घ्यावी.

वायरीने यातलं काहीच बदलत नाही. साधी, पुरेशी जाड तांब्याची वायर उत्तम. पैसे खर्च करण्याआधी खोलीकडे बघा. आपल्याकडे फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या आणि स्पीकर शोकेसच्या कोपऱ्यात कोंबलेले, म्हणून चित्र विस्कटतं. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. मग आपल्या जागेवर बसा आणि कुणाला तरी आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून हळूहळू सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उलटून तुमच्याकडे येतो. तिथे पुस्तकांचं कपाट ठेवा, नाहीतर जाड गोधडी टांगा. दोन्ही भिंतींना हेच करा. गायिकेची कड एकदम रेखीव होते, आणि तिच्या मागे ध्वनिमुद्रणातली खोलीही जाणवू लागते.

जमलं की नाही हे बघायला जुनी मोनो रेकॉर्ड लावा, पन्नासच्या दशकातलं कुठलंही सिनेमाचं गाणं चालेल. आवाज बरोबर मधे, अरुंद पट्टीत यायला हवा. एका बाजूला ओढला जात असेल तर आधी टेपने दोन्ही अंतरं मोजा. कुठेच न ठरता सगळीकडे पसरत असेल आणि खर्जही पातळ वाटत असेल, तर बहुधा एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडली गेली आहे. अँप्लिफायर बंद करून ती सुलट करा.