दाढेतील मांसाचा कोंब

काही मुलांच्या किडलेल्या दाढेच्या पोकळीत तांबडा, मांसल कोंब वाढलेला आढळतो. तो फारसा दुखत नाही, म्हणून पालक निर्धास्त राहतात. ही निर्धास्ती घातक का, हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कोंब का वाढतो? दाताच्या कठीण कवचाआड दंतमज्जा हा मृदू भाग असतो. तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. मोठ्या माणसाच्या दातात कीड येथवर पोहोचली, की सूज आत कोंडते व मज्जा बहुधा मरते. मुलांच्या दाढेची मुळे मात्र टोकाशी रुंद असून रक्तपुरवठा विपुल असतो. त्यातच किडीने वरचे छत ढासळले असेल, तर सूज कोंडत नाही. मग दीर्घकाळच्या सौम्य दाहाने मज्जा मरण्याऐवजी बाहेर वाढते.

ऊतकांतील बदल : आरंभी कोंबात नव्या केशवाहिन्या, तंतू निर्माण करणाऱ्या पेशी व दाहाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी दाटलेल्या असतात, म्हणून तो मऊ असतो व धक्का लागताच त्यातून रक्त येते. पुढे त्यावर तोंडातील त्वचेसारखे अस्तर चढते. गालावरून व जिभेवरून सुटलेल्या पेशी तेथे रुजतात, असे मानले जाते. तंतू वाढून कोंब फिकट व घट्ट होतो. त्यात मज्जातंतू अत्यल्प असल्याने वेदना होत नाही. परंतु हे बरे होणे नव्हे. आतील दाह चालूच असतो व पुढे मुळाशी पू होऊ शकतो.

खरा धोका : सुमारे ६ व्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे येणारी दाढ कायमची असते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाची समजतात व ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. ती गेली, की पुन्हा येत नाही.

शिक्षकांनी करावयाचे :

१. मूल एकाच बाजूने चावते काय, हे पाहावे.
२. उजेडात दाढा पाहाव्यात. कोंबास हात लावू नये, तो कापू वा जाळू देऊ नये.
३. असाच कोंब हिरडीतूनही वाढतो. निदान दंतवैद्यावर सोपवावे.
४. पालकांस बोलावून मुलास शासकीय रुग्णालयात पाठवावे. वेळीच उपचार झाल्यास पुष्कळदा दाढ वाचते.

वेदना नाही म्हणजे व्याधी नाही, असे नव्हे. हे मुलांच्या व पालकांच्या मनावर बिंबवावे.