जामिनाची सही

सहकारी पतसंस्थेच्या वसुली खात्यात उमेदीची वर्षे काढल्यामुळे माझा परिचय कर्जदारांपेक्षा जामीनदारांशीच अधिक झाला. आणि ज्यांनी कर्जातला एक छदामही पाहिलेला नाही अशा पापभीरू माणसांच्या हाती थकबाकीची नोटीस ठेवण्याचा प्रसंग वारंवार आल्याने, योग्य वेळी नकार देता येणे हा गृहस्थाच्या अंगी असावा असा मोठा गुण होय, असे माझे ठाम मत बनले आहे.

निवृत्तीला आलेले एक प्राथमिक शिक्षक एकदा कचेरीत आले. चार घड्या घातलेली नोटीस टेबलावर पसरून, तिच्यावरील आपल्या नावाखाली बोट ठेवून त्यांनी विचारले, "साहेब, कर्ज मी घेतलं नाही, मग हे माझ्याकडे कसं आलं?" शेजाऱ्याने दुकान वाढवण्यासाठी कर्ज काढले होते. "गुरुजी, नुसती सही पाहिजे, बाकी सगळं मी बघतो," असे म्हणून त्याने अर्ज पुढे केला, तेव्हा समोर चहा आलेला, त्याची म्हातारी आई शेजारी बसलेली, आणि अशा वेळी नाही म्हणणे गुरुजींच्या जिभेवर येईना. मी दप्तरातून अर्ज काढून शेवटचे पान त्यांच्यापुढे धरले. सही त्यांनी तत्काळ ओळखली. तिच्या वर छापलेला मजकूर मात्र ते प्रथमच वाचत होते. त्यात पगारातून कपात करण्यास त्यांची संमती होती.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विकून घ्या आणि मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क त्याला सामान्यतः मिळत नाही. शिवाय पतसंस्थेला पगारदार जामीनदार हवा असतो तो नेमका कशासाठी, हे लोक लक्षात घेत नाहीत. दुकानदाराचा गल्ला आज भरलेला, उद्या रिकामा. पगार मात्र दरमहा ठरल्या तारखेला एका ठिकाणी जमा होतो, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ अन्वये सभासदाने तसा करार करून दिलेला असला की मालकाला तो कापून संस्थेकडे भरावा लागतो. म्हणजे ज्याच्याकडून वसुली सुलभ, त्याचीच सही आग्रहाने मागितली जाते. नोकरी करणाऱ्या सुनेच्या पगारदाखल्यावर दिराचे कर्ज मंजूर झालेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्या मुलींपैकी कितीजणींना खरोखर विचारले गेले असेल, या विचाराने आजही मन अस्वस्थ होते.

"माणूस चांगला आहे का?" एवढाच प्रश्न आपण सही करताना मनाला विचारतो. थकबाकीदारांपैकी बहुसंख्य माणसे चांगलीच होती. आजारपण, पावसाने दगा दिलेले पीक, बुडालेली उधारी, असल्या कारणांनी ती अडली. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: ही सारी रक्कम व्याजासह मला भरावी लागली, तर माझा संसार ती सोसेल का? सोसणार नसेल, तर नाते कितीही जवळचे असो, सही करू नये.

माझ्यावरही ही वेळ आली. धाकट्या बहिणीचे यजमान अर्ज घेऊन घरी आले, तेव्हा मी अर्ज हातात न घेताच म्हणालो, "दाजी, मी कुणालाच जामीन राहत नाही, तुम्हालाही राहणार नाही. पण भाच्याच्या फीचे पैसे मी देतो, आणि ते परत मागणार नाही." त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळणे यथासांग झाले, परंतु बहिणीचे बोलणे दोन शब्दांपलीकडे गेले नाही. हे दुःख खरे आहे, आणि नकार देणाऱ्याने ते गृहीत धरूनच बोलावे. तरीही "बघतो", "घरी विचारतो" अशी चालढकल करून समोरच्याला आशेवर ठेवण्यापेक्षा, पहिल्याच भेटीत, खोटी सबब न सांगता दिलेला नकार त्याच्या हिताचा असतो; त्याला दुसरी तजवीज करण्यास अवधी मिळतो. सबब सांगितली की ती दूर करण्याचा उपाय घेऊन तो पुन्हा येतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी उगाच म्हटलेले नाही.

ज्यांनी सही आधीच केली आहे त्यांनी अर्जाची व करारनाम्याची नक्कल मागून घ्यावी, कर्जखात्याचा उतारा वेळोवेळी पाहावा, आणि कर्ज नवे-जुने करताना पुन्हा सही मागितली गेली तर तेथेच थांबावे. रक्कम भरावीच लागली, तर प्रत्येक पावती जपून ठेवावी. कारण करार अधिनियमाच्या कलम १४५ नुसार ती कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क जामीनदारास आहे, आणि कलम १४६ नुसार, वेगळा करार नसेल तर, सहजामीनदारांनी भार सारखा वाटून घ्यावयाचा असतो. गुरुजींनी अशाच पावत्यांच्या आधारे दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा हिस्सा वसूल केला. शेजाऱ्याकडून मात्र आजवर काही आलेले नाही.