लकव्याच्या घरात मोबाईल

अमरावती-अकोल्याच्या गावांत घरोघरी जाऊन मी म्हाताऱ्या रुग्णांची शुश्रूषा करते. लकव्याच्या पेशंटला दवाखान्यातून सुटी झाली की खरं काम घरी सुरू होतं. आठवण करून देणारं, नोंदी ठेवणारं मोबाईलवरचं ॲप त्यात कामी येतं, पण काही गोष्टी सांभाळल्या तरच.

१. आधी विचारा, फोन कोणाजवळ असतो? ॲपमध्ये नंबर बहुतेक मुलाचा दिलेला असतो आणि तो बडनेऱ्याला नाहीतर पुण्याला कामावर. कूस बदलायची आठवण त्याच्या खिशात वाजते, बाबांजवळ मात्र सून बसलेली असते. तिच्याकडे फोन नसेल तर गजराचं घड्याळ लावा. पण दर दोन तासांनी कूस बदललीच पाहिजे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा घामानं ओल्या चादरीवर माकडहाडाशी लाली यायला वेळ लागत नाही.

२. गिळण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. "सिस्टर, बाबाले चहा देला का ठसका लागते," असं सून सांगते. ॲपमध्ये मात्र 'जेवण झालं' एवढीच खूण करायची सोय. मी तिलाच व्हिडिओ काढायला सांगते आणि चमचा मी धरते. बाबांना ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, चमचा लहान. घोटानंतर आवाज ओला, घरघरता आला की थांबायचं. अर्ध्या मिनिटाचा तो व्हिडिओ पाहून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. पातळ पदार्थ झरकन श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पाणीदार वरणापेक्षा घोटलेलं घट्ट वरण बरं. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका.

३. बीपीचा पट्टा लुळ्या हाताला बांधू नका. पाच मिनिटं शांत बसवून, दर वेळी त्याच चांगल्या हातावर मोजा.

४. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर उजवं अंग जातं आणि पुष्कळदा बोलणंही. अशा माणसाला बरेचदा समजत असतं, पण सांगता येत नसतं. फोनवर पाणी, लघवी, दुखणं, कूस अशी चार मोठी चित्रं ठेवली की डाव्या हाताच्या बोटानं तो दाखवतो. व्यायामाच्या सूचना पुस्तकी मराठीत असतात, त्या मी घरातल्या माणसाच्या आवाजात वऱ्हाडीतून भरून घेते. मेळघाटात धारणीकडे त्या कोरकू भाषेत हव्यात. ॲप बनवणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

५. नुसत्या मेसेजवर विसंबू नका. 'स्प्रिंट इंडिया' या अभ्यासात ३१ केंद्रांवरच्या लकव्याच्या ४,२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ भाषांतून मेसेज, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या. गोळ्या घेण्यात सुधारणा दिसली, पण वर्षभरात पुन्हा येणारे झटके त्यानं कमी झाले नाहीत. माझ्या मते नर्सच्या फेऱ्या कमी करायला ॲप वापरणं चूकच. शिवाय तीच माहिती रजिस्टरमध्ये आणि फोनमध्ये दोनदा भरायला लावली, तर तेवढा वेळ पेशंटचाच जातो.

६. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर ॲप उघडत बसू नका, १०८ लावा. माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहून सोबत द्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन पाहून. मेळघाटातून अमरावती गाठताना त्यातला बराच वेळ घाटातच जातो.