नवे शैक्षणिक वर्ष : मागची थकबाकी फेडून पुढे जाऊया !



शाळा चालू झाली. नव्या पुस्तकांना कव्हरे घातली, वह्यांवर नावे लिहिली, वर्गही बदलला. आपल्या देशात कुठे एप्रिलच्या उन्हात, तर कुठे जूनच्या पावसात नव्या वर्षाची घंटा वाजते. पण पहिल्या दिवशी मनात येणारे विचार सगळीकडे सारखेच असतात. ‘या वर्षी मी मन लावून अभ्यास करीन’, असे प्रत्येक जण ठरवतो. काही जणांच्या मनात मात्र एक भीतीही असते, ‘मागच्या वर्षीचेच मला नीट आले नाही, आता पुढचे कसे येणार ?’ ही भीती सहसा कुणाला सांगितली जात नाही. हा लेख सर्वांसाठी आहे; पण विशेषतः अशा मुलांसाठी आहे.

१. यश म्हणजे नेमके काय ?

थर्मामीटर ताप किती आहे, हे दाखवतो. तो ताप उतरवत नाही. गुणांचेही तसेच आहे. गुणपत्रिका आपण कुठे आहोत, एवढेच सांगते. आपण कोण आहोत आणि पुढे कुठे पोहोचू, हे ती सांगत नाही. म्हणून गुण चांगले मिळाले, तर अहंकार नको आणि कमी मिळाले, तर निराशाही नको. त्याऐवजी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

अ. जे काल येत नव्हते, ते मला आज येते का ?
आ. जे येते, ते पुस्तक न पहाता मी दुसऱ्याला समजावून सांगू शकतो का ?
इ. माझ्या शिकण्याचा घरात आणि वर्गात कुणाला उपयोग होतो का ?

या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ येऊ लागले की, समजावे आपण यशाच्या वाटेवर आहोत.

२. आधी थकबाकी फेडावी !

अभ्यासातील न समजलेला भाग म्हणजे कर्ज असते. ते त्याच इयत्तेत राहत नाही. आपल्यासोबत पुढच्या वर्गात येते. अपूर्णांकांचेच उदाहरण पहा. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज करतांना काही मुले वरचे आकडे वर मिळवतात, खालचे खाली मिळवतात आणि उत्तर दोन पंचमांश काढतात. आता भाकरी डोळ्यांसमोर आणा. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्या भाकरीहूनही कमी ! अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल ? दोन्ही भाकऱ्यांचे सहा-सहा सारखे तुकडे केले, तर तीन आणि दोन मिळून पाच तुकडे होतात. म्हणजे खरे उत्तर पाच षष्ठांश. हे एकदा कळले नाही, तर पुढे गुणोत्तर, शेकडेवारी आणि व्याज सगळेच कठीण वाटू लागते. मग मूल म्हणते, ‘मला गणित येत नाही.’ प्रत्यक्षात त्याला गणित येत नाही, असे नसते. एक पायरी सुटलेली असते.

यासाठी वर्षाच्या आरंभीच पुढील कृती करावी.

अ. मागच्या वर्षीची पुस्तके लगेच देऊन टाकू नयेत. प्रत्येक विषयातील न समजलेले तीन भाग वहीत लिहून काढावेत.
आ. पहिले १५ दिवस प्रतिदिन अर्धा घंटा केवळ त्यांसाठी राखून ठेवावा.
इ. शिक्षकांकडे जाऊन ‘मला हे समजलेले नाही’, असे मोकळेपणाने सांगावे. विचारण्यात लाज नाही. न विचारता मान डोलावण्यात मात्र वर्षभराची हानी आहे.

३. चरित्रे काय शिकवतात ?

श्रीनिवास रामानुजन : त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ या दिवशी तमिळनाडूतील इरोड येथे झाला. गणितातील बुद्धिमत्तेमुळे त्यांना कुंभकोणमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. पण अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासमध्येही त्यांना महाविद्यालयाची परीक्षा उत्तीर्ण होता आले नाही. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणिते सोडवत आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवत. १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवले आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. यातून दोन गोष्टी शिकायच्या : एका अपयशाने आयुष्य संपत नाही आणि नावडत्या विषयाकडे पाठ फिरवली, तर आवडत्या विषयाची वाटही खडतर होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर : साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. अशा अपमानातही त्यांनी शिकणे सोडले नाही. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ अन् लंडन येथे उच्च शिक्षण घेतले. आज आपल्याला वर्गात सन्मानाने बाक मिळतो, त्याचे मोल ओळखावे.

डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम् येथे गाडी थांबणे बंद झाले, तेव्हा वृत्तपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून टाकले जात. ते गोळा करण्याच्या कामात छोटा कलाम नातेवाइकाला साहाय्य करत असे. तो पहाटे उठून गणिताच्या शिकवणीलाही जाई. पुढे हाच मुलगा शास्त्रज्ञ आणि २००२ मध्ये देशाचा राष्ट्रपती झाला. घरकामात हातभार लावल्याने अभ्यास बुडतो, हे कारण यापुढे सांगायला नको !

४. उजळणी कशी करावी ?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की, पाठ केलेले पहिल्या काही घंट्यांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने विसरले जाते. म्हणजे ‘माझ्या लक्षात रहात नाही’, हा कुणा एकाचा दोष नाही. मनाचा तो स्वभावच आहे. त्यावर उपायही सोपा आहे.

अ. वर्गात शिकवलेले त्याच संध्याकाळी १० मिनिटे आठवावे.
आ. ते आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने पहावे.
इ. नुसते पुनःपुन्हा वाचू नये. पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहावे आणि मग पडताळून पहावे.
ई. झोप पुरेशी घ्यावी. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० घंटे झोप आवश्यक असते. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पहाणारा विद्यार्थी सकाळी केवळ शरिराने वर्गात असतो.

५. शेजारच्या बाकावर पहा !

तुमच्या वर्गात कुणी नवीन आला असेल, कुणी दुसऱ्या राज्यातून येऊन नवी भाषा शिकत असेल, कुणी मागे पडला असेल. त्याला हसू नका. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा, डबा वाटून खा, एखादे गणित समजावून सांगा. शिकवतांना आपलेही ज्ञान पक्के होते आणि समोरच्याची भीती न्यून होते. पहिला क्रमांक एकालाच मिळतो. पण कुणाचा तरी आधार होण्याचे यश वर्गातील प्रत्येकाला मिळू शकते.

६. पालकांना विनंती

मूल शाळेतून आल्यावर ‘किती गुण मिळाले ?’ या प्रश्नाआधी ‘आज नवे काय समजले ? काय समजले नाही ?’ असे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूल न घाबरता देऊ लागले, तर अर्धे काम झाले म्हणून समजा.

मित्रांनो, वही अजून कोरी आहे. आजच तिच्या शेवटच्या पानावर आपली थकबाकी लिहा आणि एकेक ओळ खोडत चला. सहामाही परीक्षेपूर्वी ते पान पूर्ण खोडलेले असेल, असा निश्चय करूया !