दोन रंगांचा स्वेटर, आपल्या हाताला जमेल तसा

ताईंनो, नक्षी छान पण बाळाचा हातच बाहीत शिरत नाही, असा स्वेटर परत येतो आणि लोकरीचे पैसे अडकतात. एका ओळीत दोन रंग विणताना न वापरलेला धागा मागून जातो. तो ओढला की वीण आकसते. चार-पाच टाक्यांहून लांब गेला तर मध्येच अडकवून घ्या, नाहीतर त्यात बाळाची बोटं गुंततात.

हात घट्ट आहे? मग दोन ओळी एका रंगाच्या, दोन दुसऱ्या अशा विणा. नक्षीपुरते आधीच्या रंगाचे टाके न विणता सुईवर सरकवा. मोठ्या फुलाला वेगळा गुंडा घ्या, रंग बदलताना धाग्यांना पीळ द्या, नाहीतर भोक पडतं. आधी वीस टाक्यांचा तुकडा विणून ताणून बघाच. आणि नुसते पट्टे विणले तरी काही कमीपणा नाही हं!