तुसाची सूर्यचूल : बांधणी आणि पारख



गळीत हंगाम सुरू झाला की कासारसाई-दारुंब्रे भागातले आभाळ निवळते. दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. याच दिवसांत ऊसतोडीची गडबड असते आणि चुलीपाशी बसून राहायला घरात कोणाला सवड नसते. सकाळी डाळ-तांदूळ उन्हात ठेवून द्यावेत आणि दुपारी वरण-भात काढावा, ही कल्पना कोणालाही आवडेल. 1980 च्या दशकात सरकारी सवलतीत पेटीचे सौर कुकर पुष्कळ घरांत आले, पण त्यांतले कितीतरी माळ्यावर जाऊन बसले. डाळ दोनदा कच्ची राहिली की घरची बाई तिसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही, आणि तिचे बरोबरच आहे. म्हणून या पाठात चूल बांधायची कशी हे तर सांगतोच, पण स्वयंपाक चढवण्याआधी ती पारखायची कशी यावर जास्त भर देतो.

थंडीत चूल तापेल का, अशी शंका पुष्कळांना येते. स्वित्झर्लंडच्या सोसूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1767 साली काचेच्या पेट्या उन्हात ठेवून पाहिल्या. पुढे त्याने तशी पेटी डोंगरमाथ्यावर नेली. वरची हवा पुष्कळ थंड, तरी पेटी जवळजवळ सपाटीइतकीच तापली. आपल्या मुंबईत विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने आठ पैलूंच्या आरशांची चूल केली होती. सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा ऐन जानेवारीत दोन तासांत शिजतो, असे त्याने 1878 साली छापून प्रसिद्ध केले. ऊन स्वच्छ हवे, हवा गरम असलीच पाहिजे असे नाही.

आता बांधणी. आतला ट्रे जस्ती पत्र्याचा, 50 सें.मी. लांब, तेवढाच रुंद आणि 15 सें.मी. खोल. आतून त्याला फळ्याचा बिनचमकीचा काळा रंग द्यावा. बाहेरची पेटी लाकडी किंवा प्लायवूडची, सगळीकडून 7 सें.मी. मोठी. मधल्या पोकळीत भरण. ट्रेचा पत्रा बाहेरच्या पेटीला कुठेही टेकता कामा नये. टेकला की तिथून उष्णता वाट काढते, मग भरण कितीही चांगले असो. ट्रेच्या काठाखाली लाकडी पट्टी द्यावी. झाकणाला दोन काचा, मध्ये दीड-दोन सें.मी. अंतर. झाकण बसते तिथे जुन्या सायकलची ट्यूब कापून चिकटवली की फट राहत नाही. मागच्या बाजूला बिजागरीवर 50 सें.मी.चा आरसा, म्हणजे झालीच चूल.

भरणाकडे वळण्याआधी थोडा हिशेब मांडू. हिवाळ्यात दुपारी एवढ्या काचेवर साधारण 200 वॉट ऊन पडते. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा 70 अंशांनी चढले, की एकेरी काचेतून शंभरेक वॉट परत निघून जातात. दुहेरी केली तर साठाच्या आसपास. तळ आणि चार बाजू मिळून 7 सें.मी. सुक्या तुसातून जातात अवघे 30-35. भरण दुप्पट जाड केले तर फार तर पंधराएक वॉट वाचतील आणि पेटी उचलायला दोन माणसे लागतील. दुसरी काच मात्र एकटी चाळीस वॉट वाचवते. काही मंडळी एक काच लावतात आणि भरणावर खर्च करत बसतात, त्यांना हे आकडे दाखवावेत.

भरण म्हणून बाजारचा थर्मोकोल अजिबात घालू नये. शंभर अंशांच्या आतच तो मऊ पडून आक्रसतो आणि वास सोडतो. काचलोकर चांगली, पण अंगाला खाजते आणि विकत घ्यावी लागते. उष्णता अडवते ती खरी कोंडलेली, स्थिर हवा, आणि अशी हवा आपल्या शेतमालातच भरपूर आहे. माझी पहिली पसंती भाताच्या तुसाला. मुळशीत भात सगळीकडे, गिरणीवर तूस सहज मिळते. तुसात वाळूसारखे सिलिका असल्यामुळे ते लवकर कुजत नाही. मात्र तूस म्हणजे कोंडा नव्हे, बरे का! कोंड्यात तेल असते, तो खवट होतो आणि त्यात किडे पडतात.

दुसरा नंबर पाचटाचा. कडबाकुट्टीवर दोन-तीन सें.मी.चे तुकडे करून दोन दिवस कडक उन्हात वाळवावे. एका चुलीला काही किलोच पाचट लागेल. बाकीचे रानातच आच्छादन म्हणून ठेवावे, जाळू नये.

बगॅस तिसरा. गिरणीतून निघतो तेव्हा त्यात निम्मे पाणी असते आणि थोडी साखरही राहिलेली असते. तसाच भरला तर आधी मुंग्या येतील, मग बुरशी. बुरशी धरलेल्या जुन्या बगॅसची धूळ नाकातोंडात गेल्याने फुप्फुसाचा विकार होतो, त्याला बगॅसोसिस असे नावच आहे. वापरायचाच तर ताजा, धुऊन, खडखडीत वाळवलेला वापरावा.

भरताना उशीत कापूस भरतो तसे भरावे. फार ठासले तर हवा उरत नाही, फार सैल ठेवले तर आतली हवा फिरू लागते. तूस काही दिवसांनी खाली बसते, म्हणून बाजूला एक छोटी फळी स्क्रूने बसवावी आणि वरून भर घालता येईल अशी सोय ठेवावी.

आता पारख. दोनशे अंशांपर्यंतचा थर्मामीटर हवा. पहिले दोन दिवस चूल रिकामीच उन्हात तापवावी, म्हणजे रंगाचा वास निघून जाईल. तिसऱ्या दिवशी आरशावर कापड टाकून, अकरा ते दीडपर्यंत ट्रेच्या पत्र्याचे तापमान टिपावे. भारतीय मानकात चांगल्या प्रतीच्या पेटी-चुलीसाठी जो आकडा आहे तो 0.12. पत्रा आणि बाहेरची हवा यांतला फरक भागिले उन्हाची तीव्रता, असा तो काढतात. 30 अंश हवेत आणि दर चौरस मीटरला 800 वॉट उन्हात पत्रा 126 अंशांना पोचला तर चूल पास. शंभरच्याही खाली अडकला तर आधी झाकणाची फट पाहावी, भरण नंतर.

भरणाची स्वतंत्र परीक्षा सावलीत घ्यायची. झाकणाच्या डब्यात 2 लिटर उकळते पाणी चुलीत ठेवा, काचेवर जाड गोधडी घाला आणि दर अर्ध्या तासाला तापमान लिहा. वरच्या हिशेबाने भरणातून पहिल्या तासात 14 अंशांच्या आसपास उष्णता जाईल, थोडी वरूनही जाईल. तासाभरात 25 अंशांहून जास्त उतरले तर भरण दमट आहे किंवा पत्रा कुठेतरी टेकला आहे. तूस आणि पाचट यांत कोणते सरस हे ठरवायचे असेल तर याच रीतीने एकदा हे, एकदा ते भरून पाहा. दोन्ही वेळा वजन मात्र लिहून ठेवा.

शेवटची परीक्षा पाण्याची. आरसा लावून, बाहेरून काळ्या केलेल्या डब्यात 2 लिटर पाणी दहा वाजता ठेवावे. चांगल्या उन्हात दोन ते तीन तासांत ते 95 अंशांवर जायला हवे. आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळते, हे ध्यानात असू द्या. आरसा डिसेंबरात काचेशी काटकोनात उभा ठेवावा. मेच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तो मागे झुकवून 120 अंशांवर न्यावा. आरशाचा कवडसा सगळ्या काचेवर पडला की कोन बरोबर. दर अर्ध्या-पाऊण तासाने पेटी सूर्याकडे वळवावी. आरशात टक लावून पाहू नये, पोरांना तर जवळ फिरकू देऊ नये.

या चुलीवर भात, वरण, बटाटे, रताळी, उसळ होते, शेंगदाणे भाजतात. भाकरी होणार नाही, तिला तव्याची धग लागते. फोडणीही गॅसवरच. ढग आले आणि अन्न कोमट राहिले तर ते तासन्‌तास पेटीत ठेवू नये, लगेच गॅसवर शिजवून घ्यावे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुळशीच्या पावसात चुलीचा उपयोग नाही. पाऊस लागण्याआधी तूस काढून गोणीत कोरड्या जागी ठेवावे, पेटी उलटी करून झाकावी, आणि दसऱ्यानंतर तूस पुन्हा दोन दिवस वाळवून भरावे. त्याच आठवड्यात सावलीतली परीक्षा एकदा परत घ्यावी.