बालकांचे लाकडी खेळघर : आराखड्याची निवड

ज्या शाळांना बालवाटिकेचा वर्ग जोडलेला आहे, अशा शाळांतील पुष्कळ शिक्षक अलीकडे आवारात एक लहानसे लाकडी खेळघर उभारण्याचा विचार करू लागले आहेत. विचार स्तुत्य आहे. गावाचे सहकार्यही सहसा मिळते. कोणी लाकूड देतो, सुतार मजुरीत सूट देतो, पालक श्रमदानास येतात. उणीव राहते ती आराखड्याची. कोठून तरी एखादे सुबक चित्र हाती येते, ते सुताराला दाखविले जाते, आणि पुढील सर्व निर्णय सुताराने आपल्या अंदाजाने घ्यावे अशी अपेक्षा केली जाते. सुतार दाराचे माप ठरवितो ते मोठ्या माणसाच्या दाराच्या सवयीने, आणि खिडकीचे गज बसवितो ते चोराच्या भीतीने! त्याचा त्यात दोष नाही. बालकाच्या अंगाचे माप आणि बालकाच्या खेळाची रीत त्याला कोणी सांगितलेली नसते. ती सांगण्याचे काम शिक्षकाचे आहे.

प्रथम एक शंका दूर करणे इष्ट होईल. आपल्या मुलांना भातुकली मांडण्यासाठी घर लागत नाही. तीन दगड आणि चार करवंट्या मिळाल्या की चूल पेटते व पंगतही बसते. मग लाकडी घराचा खटाटोप कशासाठी, असे काही अनुभवी शिक्षक विचारतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आपल्या मापाची जागा लाभणे ही निराळी गोष्ट आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह काढले, तेव्हापासून मुलाच्या उंचीचे टेबल, मुलाच्या हाताला येईल असा मांडा हा बालशिक्षणाचा पाया मानला गेला. मॉन्टेसरीबाईंचा भर लुटुपुटूच्या खेळापेक्षा खऱ्या कामावर होता, हेही येथे ध्यानात घ्यावे. त्यांच्या विचाराने खेळघरात खोटी केरसुणी न ठेवता लहान दांड्याची खरी केरसुणी ठेवावी, आणि मुलांनी ते घर खरोखरीच झाडावे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले; त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी जे दाखविले त्याचे सार हेच की, खेड्यातील बालशाळेने आपले साहित्य परिसरातूनच उभे करावे. खेळघराचा आराखडा निवडताना ही दोन्ही सूत्रे उपयोगी पडतात.

आता आराखड्याकडे वळू. चित्र पाहून घर कसे दिसेल ते कळते. ते कसे बांधावयाचे ते कळत नाही. ज्यात जमिनीवरील मांडणी, समोरून व बाजूने दिसणारे रूप आणि मधोमध उभे कापल्यासारखा छेद, अशी किमान तीन रेखाटने प्रमाणासह दिलेली असतात, त्यासच आराखडा म्हणावे. त्याखेरीज लाकडाच्या प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी, जाडी व संख्या दाखविणारी यादी असावी. खांब आणि तुळई यांचा सांधा कसा करावयाचा हे निराळे काढून दाखविलेले असावे. ही यादी नसेल तर आराखडा कितीही आकर्षक असो, तो बाजूस ठेवावा. कारण यादीवाचून खर्चाचा अंदाज करता येत नाही, आणि अंदाजावाचून शाळा व्यवस्थापन समितीपुढे बोलता येत नाही.

छापील पुस्तकांतून व हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावरूनही जे आराखडे मिळतात, त्यांपैकी बरेच अमेरिकेतील असतात. ते उतरवून घेताना मोठी सावधगिरी हवी. तेथे ज्या लाकडाला ‘दोन बाय चार’ म्हणतात, ते प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. रंधून झाल्यावरचे माप निराळे व व्यवहारातील नाव निराळे. आपल्या वखारीतून खरोखरीच दोन बाय चारचे लाकूड कापून आणले, तर प्रत्येक सांध्याला अर्धा इंच फरक पडतो, आणि शेवटी दाराची चौकट तिरकी बसते. शिवाय ती घरे थंडी अडविण्यासाठी चहूबाजूंनी बंद केलेली असतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी तसल्या घरात मूल क्षणभर थांबणार नाही. भिंती दोन फुटांपर्यंत, त्यावर मोकळी हवा आणि वर छप्पर, ही आपल्या पडवीची रचना आपल्याला अधिक मानवते. तीत आणखी एक लाभ असा की, बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो आणि बाईंना वर्गाच्या दारातून आतले सर्व दिसते.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो, तो फटींचा. एका शाळेच्या भेटीत मी असे खेळघर पाहिले की, ज्याच्या खिडकीला उभ्या पट्ट्या ठोकल्या होत्या आणि दोन पट्ट्यांमध्ये वीतभरापेक्षा थोडे कमी अंतर होते. आठवड्यापूर्वी चार वर्षांच्या एका मुलीने त्यातून प्रथम पाय बाहेर घातले, मग धड सरकले, आणि डोके मात्र आत अडकले. पाय जमिनीला लागत नव्हते. जवळच असलेल्या स्वयंपाकीणबाईंनी तिला उचलून धरले म्हणून निभावले. करवतीने पट्टी कापून तिला सोडवावे लागले. मुलाचे धड ज्या फटीतून जाते तीतून त्याचे डोके जाईलच असे नाही, ही गोष्ट आराखड्यात पाहिलीच पाहिजे. अमेरिकेतील ग्राहक-सुरक्षा आयोगाने क्रीडांगणासाठी दिलेला नियम सोपा आहे : कोणतीही बंदिस्त फट एक तर साडेतीन इंचांहून लहान असावी, नाही तर नऊ इंचांहून मोठी असावी, म्हणजे सुमारे ९ ते २३ सेंटीमीटर या मधले अंतर कोठेही ठेवू नये. आराखडा हाती आला की प्रथम पट्टी घेऊन कठड्याच्या, खिडकीच्या, पायरीच्या सर्व फटी मोजाव्या. याच कारणास्तव छताला दोरी अथवा झोपाळा टांगणे टाळावे.

उंच चौथऱ्यावरचे खेळघर दिसावयास फार मोहक असते. त्याला शिडी, कठडा, घसरगुंडी असे सर्व काही जोडता येते. माझे मत असे की, ज्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन वर्ग आहेत तिने त्याच्या नादी लागू नये. जमिनीपासून सहा इंच उंचीची फळ्यांची जमीन पुरे. त्यास कठडा लागत नाही, आणि पडले तरी मूल मातीवर पडते. आवारात चाकाच्या खुर्चीवरून येणारे मूल असेल तर एक दार तीन फूट रुंद ठेवावे आणि सहा इंच चढासाठी सहा फूट लांबीचा उतार करावा. फुटाला एक इंच हे त्याचे प्रमाण होय.

लाकडाच्या बाबतीत गावोगावी परिस्थिती भिन्न आहे. सागवान उत्तम, पण परवडत नाही. बाभळीचे लाकूड मजबूत असते. खांबांना चालते, मात्र वाळल्यावर त्यात खिळा शिरत नाही, गिरमिटाने आधी भोक पाडून स्क्रू बसवावा लागतो. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण भुंगा व वाळवी यांना त्या लवकर बळी पडतात. पाडलेल्या जुन्या वाड्याचे लाकूड मिळाले तर ते सोडू नये. ते मुरलेले असते, नव्या ओल्या लाकडासारखे वाकत अथवा तडकत नाही. त्यातील खिळे मात्र एकूण एक काढावे, आणि जुना रंग असेल तर तो मुलांच्या समक्ष खरवडू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. नव्या रंगांबाबत केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरविली असून ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डबा घेताना त्यावरील मजकूर वाचून घ्यावा. प्लायवुडच वापरावयाचे असेल तर पाण्यात टिकणारे, आय. एस. ७१० हा मानक क्रमांक असलेले घ्यावे. साधे प्लायवुड एका पावसाळ्यात पापुद्रे टाकते.

जुन्या आराखड्यांत लाकूड टिकविण्यासाठी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण मुरविण्यास सांगितलेले आढळेल. हे मिश्रण भारतातच, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत, डॉ. सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये शोधून काढले आणि ते जगभर पसरले. विजेच्या खांबांसाठी ते गुणकारी ठरले. परंतु आर्सेनिक हे विष आहे, आणि मूल खांबाला हात लावते व तोच हात तोंडात घालते. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ अखेर बंद करण्यात आले. खेळघराच्या आराखड्यात हा उपाय दिसला तर तो वगळावा. लाकूड जमिनीपासून उचलून ठेवणे व पाण्याचा निचरा करणे, हाच आपल्यापुरता खरा उपाय.

तो आपल्या जुन्या घरांनी कधीच दाखवून दिलेला आहे. खांब मातीत पुरला की मातीलगत कुजतो व वाळवीला आयती वाट मिळते. म्हणून वाड्यांतून खांबाखाली दगडी तळखडा असे. खेळघरालाही तळखडे बसवावे. पण हे घर हलके असल्याने वादळी वाऱ्यात उचलले जाण्याचा संभव असतो, तेव्हा प्रत्येक खांब काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी पट्टीला बोल्टने जखडावा, आणि बोल्टची टोके बाहेर राहू देऊ नयेत. छपरासाठी उघडा पत्रा नको. तो तापतो आणि त्याची कड मुलाच्या कपाळाच्या उंचीला येते. बांबूच्या तट्ट्या आणि त्यांवर गवताचे शाकार, किंवा कोकणात असल्यास कौले, ही अधिक बरी. सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉस पत्रे फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

नमुन्यादाखल सहा फूट लांब व पाच फूट रुंद घराचा हिशेब येथे देतो. पाचवीच्या वर्गाला घनफळाचा पाठ म्हणूनही तो देता येईल. कोपऱ्यांचे चार व दारांचे दोन असे तीन बाय तीन इंची, साडेचार फूट उंचीचे सहा खांब. त्यांचे घनफळ सुमारे १.६९ घनफूट. तीन बाय दोन इंची लाकूड एकूण ८९ फूट लागते. त्यात खालची व वरची चौकट प्रत्येकी २२ फूट, दारांची जागा सोडून मधली पट्टी १८ फूट, जमिनीखालचे वासे २० फूट आणि आढे सात फूट येते. अशा लाकडाचा २४ फुटांना एक घनफूट भरतो, म्हणून हे ३.७१ घनफूट झाले. पाऊण इंची फळ्या जमिनीसाठी ३० व दोन फूट उंचीच्या भिंतींसाठी ३६, मिळून ६६ चौरस फूट. सोळा चौरस फुटांचा एक घनफूट या दराने ४.१३ घनफूट. छपराचे दोन बाय दोन इंची आठ वासे, प्रत्येकी साडेतीन फूट, ०.७८ घनफूट. बेरीज १०.३१ येते. कापण्यात व रंधण्यात जाणारे शेकडा १५ धरले की बारा घनफुटांच्या किंचित आत मागणी बसते. वखारवाल्याने वीस सांगितले तर कोठे वाढले हे आपल्याला विचारता येते. आत एका वेळी चार-पाच मुले सुखाने खेळतील. दारे दोन ठेवावी व त्यांना झडप लावू नये, म्हणजे बोटे चेंगरत नाहीत आणि कोणी कोणाला कोंडून ठेवीत नाही.

आराखडा पक्का करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. तिला खर्च नाही. नियोजित जागी फक्कीने घराची आखणी खऱ्या मापाने करावी, दारांच्या जागी फट ठेवावी, चार कोपऱ्यांना बांबू रोवून दोन फूट उंचीवर जुने लुगडे गुंडाळावे. मग आठवडाभर मुलांना तेथे खेळू द्यावे आणि आपण वही घेऊन दूर बसावे. कोणत्या बाजूने मुले आत शिरतात, चूल कोठे मांडतात, दहा वाजता ऊन कोठून येते, मुलगे मुलींना हुसकावून लावतात का, सर्वांत लहान मुलाला भिंतीवरून बाहेर दिसते का, हे लिहून ठेवावे. एका वाडीवरील शाळेत या परीक्षेत असे आढळले की, मुले मुख्य दार सोडून सारखी मागच्या बाजूने शिरत होती, कारण तिकडे पाण्याचा नळ होता व त्यांना भांडी भरून आणावयाची होती. आराखड्यात दार तिकडे हलविले गेले. कागदावर हे कोणालाच दिसले नसते.

आवारातील झाड तोडून लाकूड मिळविण्याचा विचार असल्यास, वृक्षतोड नियमनाचा १९६४ चा राज्य कायदा आहे हे ध्यानी घेऊन आधी परवानगी घ्यावी. आराखडा, लाकडाची यादी व आठवडाभराची निरीक्षणवही ही तिन्ही समितीच्या सभेत सुतारासमक्ष वाचावी, आणि सुताराच्या सूचना त्याच कागदावर लाल शाईने लिहून घ्याव्या. घर उभे राहिल्यावर तो कागद साठानोंद वहीला जोडून ठेवावा. दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्यावरून खांबांचे बूड, बोल्ट, फळ्यांचे कुसळ आणि फटी तपासून तारीख घालावी.